श्रीमती शिवरानीदेवी : प्रेमचंदांच्या सहधर्मचारिणी व चरित्रकार

आपल्या वार्षिक स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे दरसाल येतात, आणि ती यावीतही. तरुण पिढीपुढे चांगले आदर्श ठेवणे हे ज्ञातिसंस्थेचे कर्तव्यच होय. परंतु अशी चरित्रे वाचताना एक उणीव आम्हांस नेहमी जाणवते. चरित्रनायकाचा जन्म, शिक्षण, अधिकार, मानसन्मान ही सर्व माहिती तपशीलवार असते. त्याची पत्नी मात्र एका वाक्यात येते आणि त्याच वाक्यात अंतर्धान पावते. ती सुशील होती, पतीस तिने साथ दिली, एवढे लिहून लेखक पुढे सरकतो. यंदा आम्ही ही रीत थोडी मोडणार आहोत. हिंदी-उर्दूचे विख्यात कादंबरीकार मुन्शी प्रेमचंद यांचे चरित्र आम्ही सांगणार आहोत ते त्यांच्या पत्नी श्रीमती शिवरानीदेवी यांच्या बाजूने. कारण पतीच्या निधनानंतर त्यांनी ‘प्रेमचंद : घर में’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले, आणि त्यामुळे एक थोर लेखक घरात कसा वागत असे हे जगास कळले.

प्रेमचंद हे जन्माने उत्तरेकडील श्रीवास्तव कायस्थ. त्यांची भाषा निराळी, रीतिरिवाज निराळे, कुलकथाही निराळ्या. केवळ नामसादृश्यावरून त्यांचे मोठेपण आपल्या पदरात पाडून घेण्याचा आमचा हेतू नाही. परंतु लेखणी हे ज्यांचे पिढीजात साधन, अशा घराण्यांत मुलाबाळांची लग्ने कशी ठरत, विधवेची काय अवस्था होई, सरकारी नोकरीचा मोह किती असे, हे सर्व आपल्या वडीलधाऱ्यांना परके वाटणार नाही. म्हणून ही हकीकत आपल्या ज्ञातीच्या कुटुंबांनी मुद्दाम वाचावी असे आम्हांस वाटते.

लमहीचा मुलगा

काशीपासून काही कोसांवर लमही नावाचे खेडे आहे. तेथे ३१ जुलै १८८० रोजी प्रेमचंदांचा जन्म झाला. त्यांचे खरे नाव धनपतराय. घरात लाडाने त्यांस नवाब म्हणत. वडील मुन्शी अजायबलाल टपालखात्यात कारकून होते. मुलाच्या आठव्या वर्षी आई आनंदीदेवी वारली आणि पुढे सावत्र आई घरात आली. वयाच्या पंधराव्या वर्षी घरच्या मंडळींनी त्यांचे लग्न उरकून टाकले. वधूची निवड करताना मुलाचे मत कोणी विचारले नाही, मुलीचेही विचारले नाही. १८९७ साली वडील निवर्तले आणि पत्नी, सावत्र आई व सावत्र भाऊ यांच्या पोषणाचा भार शाळकरी मुलाच्या डोक्यावर पडला. गणित हा विषय आडवा आल्याने कॉलेजचे दार बंद झाले. एकदा पैशाच्या निकडीने ते जवळचे गणिताचे पुस्तक विकावयास दुकानात गेले असता तेथे चुनारच्या एका शाळेचे मुख्याध्यापक भेटले आणि दरमहा अठरा रुपयांवर त्यांस मास्तरकी मिळाली. १९०० सालापासून ते सरकारी शिक्षणखात्यात आले. पुढे बी. ए. ची पदवी त्यांनी मिळवली ती नोकरी करता करताच, १९१९ साली.

पहिला संसार सुखाचा झाला नाही. घरात कलह माजला, आणि एके दिवशी पहिली पत्नी माहेरी निघून गेली ती परत आली नाही. तिला परत आणण्यास प्रेमचंदही गेले नाहीत.

सलेमपूरची मुलगी

फत्तेपूर जिल्ह्यातील सलेमपूर गावी मुन्शी देवीप्रसाद नावाचे एक कायस्थ गृहस्थ राहत. त्यांची कन्या शिवरानी हिचे लग्न बालपणीच झाले आणि थोड्याच महिन्यांत तिला वैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तिचा संसार संपला होता. त्या काळी अशा मुलीपुढे एकच वाट असे, आणि ती कोणती हे आपल्या आजी-पणजींच्या पिढीने जवळून पाहिलेले आहे. परंतु देवीप्रसादांनी ती वाट मान्य केली नाही. कायस्थ बालविधवांच्या उद्धाराविषयी त्यांनी एक पुस्तिकाच छापून प्रसिद्ध केली आणि आपल्या मुलीच्या पुनर्विवाहाचा मनोदय उघडपणे जाहीर केला. आपल्या घरातील गोष्ट समाजापुढे अशी मांडण्यास किती धैर्य लागत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

ती जाहिरात प्रेमचंदांच्या पाहण्यात आली. ते त्या वेळी कानपुरात शिक्षक होते आणि ‘जमाना’ या उर्दू मासिकाचे संपादक मुन्शी दयानारायण निगम यांच्या मंडळीत वावरत होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारी कथा त्यांच्या लेखणीतून त्याच सुमारास उतरत होती. १९०६ साली महाशिवरात्रीच्या दिवशी त्यांनी शिवरानीदेवींशी विवाह केला. भाऊबंदांचा व ज्ञातीचा रोष ओढवणार हे उघड होते. तो पत्करूनच हे लग्न झाले.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. १९०७ च्या सुमारास हिंदीत आलेल्या ‘प्रेमा’ या कादंबरीत विधवेचा पुनर्विवाह होतो. पुढे वीस वर्षांनी त्याच कथेला ‘प्रतिज्ञा’ हे नवे रूप देताना मात्र लेखकाने विधवेस आश्रमात आसरा दिला. कादंबरीत त्यांचे पाऊल मागे आले असेल. आयुष्यात जे पाऊल त्यांनी टाकले होते ते मागे घेतले नाही.

मात्र या धाडसी विवाहाच्या पोटात एक असत्यही दडलेले होते. पहिली पत्नी हयात नाही अशीच नव्या पत्नीची समजूत करून देण्यात आली होती. ती जिवंत आहे हे शिवरानीदेवींना काही वर्षांनी समजले. तेव्हा त्यांनी सवतीचा द्वेष केला नाही. उलट तिला घरी आणावे असा आग्रह पतीपाशी धरला. प्रेमचंदांनी तो मानला नाही. विधवेला हात देणाऱ्या या पुरुषाने एका सधवेला मात्र आयुष्यभर माहेरी ठेवले. शिवरानीदेवींनी ही गोष्ट आपल्या पुस्तकात झाकली नाही, म्हणून आम्हीही झाकत नाही.

लेखकाचे घर

विवाहाच्या वेळी शिवरानीदेवींचे शिक्षण फारसे झालेले नव्हते. वाङ्मयाची गोडी त्यांना पतीच्या सहवासात लागली. प्रेमचंद आपले लिखाण त्यांस वाचून दाखवीत, चर्चा होई, पुष्कळदा वादही होई. शिवरानीदेवींचा स्वभाव तेजस्वी होता. पटले नाही तर त्या तसे बोलून दाखवीत आणि प्रेमचंद बहुधा हसून ऐकून घेत. पुढे त्या स्वतः कथा लिहू लागल्या. १९२४ साली त्यांची ‘साहस’ ही कथा ‘चाँद’ मासिकात प्रसिद्ध झाली. ‘नारी-हृदय’ व ‘कौमुदी’ हे त्यांचे कथासंग्रह होत. बायकोच्या नावाने नवराच लिहीत असावा अशी कुजबूज तेव्हाही झाली. आपल्यासारख्या शांत प्रकृतीच्या माणसाला असली जहाल कथानके सुचणेही शक्य नाही, असा खुलासा प्रेमचंदांनीच केलेला आहे.

१९०८ साली ‘सोजे वतन’ हा देशभक्तिपर उर्दू कथासंग्रह नवाबराय या नावाने निघाला. प्रेमचंद तेव्हा शिक्षणखात्यात उपनिरीक्षक होण्याच्या मार्गावर होते, आणि लवकरच हमीरपूर जिल्ह्यात त्यांची नेमणूक झाली. तेथील कलेक्टरने त्यांस बोलावून घेऊन खडसावले आणि शिल्लक राहिलेल्या प्रती अग्नीच्या स्वाधीन करण्यात आल्या. पुढचे प्रत्येक लिखाण सरकारला दाखवावे असे बंधनही आले. तेव्हा निगम यांनी नवे नाव सुचवले आणि १९१० च्या अखेरीस ‘प्रेमचंद’ हे नाव प्रथम छापून आले. त्याच भागातील फिरतीच्या नोकरीत पोटाचे दुखणे जडले ते अखेरपर्यंत सुटले नाही. त्यांचे पथ्यपाणी सांभाळण्याचे काम जन्मभर शिवरानीदेवींच्या माथी आले.

गोरखपूरची एक आठवण त्यांनी सांगितली आहे. शाळेची तपासणी आटोपून निरीक्षकसाहेब संध्याकाळी प्रेमचंदांच्या घरावरून चालले होते. प्रेमचंद दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत बसले होते. ते उठले नाहीत व त्यांनी सलामही केला नाही. साहेबाने बोलावून जाब विचारला, तेव्हा शाळेच्या वेळेत आपण नोकर आहोत, घरी आपण कोणाचे नोकर नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. सरकारी नोकरीचे भय ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते, त्यांना या उत्तराची किंमत कळेल.

राजीनामा

८ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींची गोरखपुरात विराट सभा झाली. प्रेमचंद आजारातून पुरते उठलेले नव्हते, तरी पत्नी व मुलांना घेऊन ते सभेस गेले. सरकारी नोकरी सोडावी असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु निर्णय एकट्याने घेतला नाही. त्यांनी तो शिवरानीदेवींपुढे ठेवला.

वाचकहो, त्या वेळची घरची स्थिती लक्षात घ्यावी. आदल्याच वर्षी त्यांचा एक तान्हा मुलगा गेला होता. दोन लहान मुले पदरी होती आणि शिवरानीदेवी पुन्हा गर्भवती होत्या. पतीची प्रकृती नाजूक, शिल्लक बेताची, घरची जमीन नाममात्र. वीस वर्षांची सरकारी नोकरी व सव्वाशे रुपयांच्या आसपासचा पगार सोडून द्यावयाचा होता. अशा वेळी कोणत्याही गृहिणीने नाही म्हटले असते तर तिला कोणी दोष दिला नसता. शिवरानीदेवींनी काही दिवस विचार केला आणि होकार दिला. फेब्रुवारीच्या मध्यास प्रेमचंद नोकरीतून मुक्त झाले. त्यागाचे श्रेय इतिहासाने प्रेमचंदांना दिले. त्या त्यागाची झळ चुलीपर्यंत पोहोचते हे जाणून ज्यांनी संमती दिली, त्यांचे श्रेय त्यांच्याच पुस्तकामुळे उजेडात आले.

त्यानंतरची वर्षे ओढाताणीची होती. १९२३ साली काशीत सरस्वती प्रेस निघाला आणि तो सतत तोट्यात चालला. ‘रंगभूमी’, ‘निर्मला’, ‘गबन’ या कादंबऱ्या याच काळातील. त्यांतील ‘निर्मला’ ही हुंड्यामुळे बिजवराशी लग्न लागलेल्या मुलीची कथा आहे आणि ती आजही अनेक घरांस लागू पडावी अशी आहे. अलवरच्या महाराजांकडून दरमहा चारशे रुपये, बंगला व मोटार देऊ करणारे बोलावणे आले. ते नाकारले गेले. लखनौस असताना रायसाहेब हा किताब मिळण्याचा योग आला. तोही घरात विचारविनिमय होऊन नाकारण्यात आला. कन्या कमलादेवी हिच्या लग्नात प्रेमचंदांनी कन्यादानाचा विधी करण्याचे नाकारले. जिवंत माणूस ही दान देण्याची वस्तू नव्हे, असे त्यांचे मत होते.

थंडीच्या दिवसांतील एक आठवण तर उत्तरेत घरोघर सांगितली जाते. पतीने गरम कोट शिवून घ्यावा म्हणून शिवरानीदेवींनी काटकसर करून पैसे दिले. प्रेमचंद कोटावाचून परत आले. पैसे छापखान्यातील कामगारांना वाटून झाले होते. पुन्हा पैसे दिले, पुन्हा तेच झाले. वाचकास ही गोष्ट औदार्याची वाटते. पैसे साठविणारीला ती कशी वाटली असेल, हेही शिवरानीदेवी लपवीत नाहीत. त्या रागावल्या, त्यांनी बोलून दाखविले, आणि मग कोटाचा बंदोबस्त त्यांनाच करावा लागला.

१९३० साली सत्याग्रहाची लाट आली. शिवरानीदेवी लखनौच्या स्त्री-स्वयंसेविकांत अग्रभागी होत्या. परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करताना त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांस अटक होऊन तुरुंगवास झाला. पतीची प्रकृती तुरुंगाचे अन्न सोसणारी नाही, तेव्हा या घरातून कोणी जावयाचे तर आपणच जावे, असा त्यांचा निश्चय होता. ज्या मुलीला समाजाने एकदा घराच्या कोपऱ्यात बसविले असते, ती मुलगी अशा रीतीने भर बाजारात उभी राहून तुरुंगात गेली.

मुंबईचे दिवस आणि अखेर

‘हंस’ मासिक १९३० साली सुरू झाले होते, पुढे ‘जागरण’ साप्ताहिकही हाती घेतले. दोहोंचा तोटा डोईजड झाला. तेव्हा १९३४ च्या जूनमध्ये प्रेमचंद मुंबईस आले. मोहन भवनानी यांच्या अजंता सिनेटोन कंपनीशी वर्षास आठ हजार रुपयांचा करार झाला होता. दादरला त्यांचे बिऱ्हाड होते आणि शिवरानीदेवीही तेथे येऊन राहिल्या. आपल्या ज्ञातीची कितीतरी कुटुंबे ज्या दादरला राहत आली, त्याच दादरच्या गल्ल्यांतून हे जोडपे वावरत होते. ‘मजदूर’ हा त्यांच्या कथेवरील बोलपट. गिरणीमालक व कामगार यांच्या झगड्याचा विषय असल्याने मुंबईत त्यास परवानगी मिळाली नाही. चित्रपटधंद्याची रीत प्रेमचंदांना मानवली नाही आणि एप्रिल १९३५ मध्ये ते काशीस परतले.

१९३६ च्या एप्रिलमध्ये लखनौस प्रगतिशील लेखक संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. जूनमध्ये ‘गोदान’ प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात रशियन लेखक गॉर्की यांचे निधन झाले. प्रकृती ढासळली असताही प्रेमचंद रात्री उठून शोकसभेसाठी भाषण लिहीत बसले. शिवरानीदेवींनी अडविले, ते ऐकेनात. अखेर त्या स्वतः त्यांच्याबरोबर सभेस गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत रक्ताची उलटी झाली आणि ते अंथरुणास खिळले. ‘हंस’ तेव्हा भारतीय साहित्य परिषदेकडे होते. सरकारने त्याजकडून एक हजार रुपयांचा जामीन मागितला, तेव्हा परिषदेने ते बंद करण्याचे ठरविले. मरणशय्येवरील प्रेमचंदांनी जामीन भरून ‘हंस’ पुन्हा आपल्याकडे घेतला. त्यासाठी धावपळ शिवरानीदेवींनी केली. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी काशी येथे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी प्रेमचंद निवर्तले.

याच आजारात एका रात्री त्यांनी पत्नीपाशी मन मोकळे केले. पहिल्या संसाराच्या काळात आपला आणखी एका स्त्रीशी संबंध होता, आणि शिवरानीदेवी घरात आल्यानंतरही तो काही काळ राहिला, अशी कबुली त्यांनी दिली. शिवरानीदेवींना ते अगोदरच ठाऊक होते. त्यांनी तसे सांगितले आणि शुश्रूषा पुढे चालू ठेवली.

पुस्तक

पतीच्या पश्चात काही काळ ‘हंस’ च्या संपादनाची जबाबदारी शिवरानीदेवींनी वाहिली. मग आठ वर्षांनी, १९४४ साली, ‘प्रेमचंद : घर में’ प्रसिद्ध झाले. लहान लहान प्रकरणे, साधी बोलण्याची भाषा, नवराबायकोचे संवाद, असे त्याचे स्वरूप आहे. प्रेमचंदांच्या ग्रंथांची चर्चा त्यात थोडी. घरातील बोलणे, भांडणे, दुखणी, पैशाची चणचण, हेच पुष्कळ. पुढे त्यांचे चिरंजीव अमृतराय यांनी १९६२ साली ‘कलम का सिपाही’ हे मोठे चरित्र लिहिले, त्यासही आईच्या आठवणींचा आधार झाला. शिवरानीदेवींचे देहावसान १९७६ साली झाले.

मराठी वाचकास या जातीचे लेखन नवे नाही. रमाबाई रानडे यांनी १९१० साली न्यायमूर्तींच्या सहवासातील आठवणी लिहिल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर आपल्या भाषेचे भूषण होय. अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई याही बालविधवा. त्यांचे ‘माझे पुराण’ आणि शिवरानीदेवींचे पुस्तक ही दोन्ही १९४४ सालचीच. दोन प्रांतांत, दोन भाषांत, पुनर्विवाहित दोन स्त्रियांनी एकाच वर्षी आपली हकीकत जगापुढे ठेवावी हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शिवरानीदेवींच्या पुस्तकाचे मोल आमच्या मते असे आहे. पतीवर त्यांचे अलोट प्रेम होते आणि ते पानोपानी दिसते. तरीही त्यांनी पतीची मूर्ती करून देव्हाऱ्यात बसविली नाही. कोट न शिवता कामगारांना पैसे देणारा माणूस आणि पहिल्या पत्नीस विसरणारा माणूस एकच होता, हे त्यांनी सांगितले. त्यामुळे प्रेमचंद लहान झाले नाहीत. उलट ज्याचे दोष आपल्याला ठाऊक आहेत त्याच्या गुणांवर आपला विश्वास अधिक बसतो. कायस्थांचे मूळपुरुष म्हणून उत्तरेत ज्यांची पूजा होते ते चित्रगुप्त माणसाच्या पुण्याबरोबर पापाचीही नोंद ठेवतात. शिवरानीदेवींनी आपल्या घराचा हिशेब याच रीतीने लिहिला. जमेची बाजू लिहिली आणि नावेची बाजूही लिहिली. एक हिशेब मात्र लिहावयाचा राहूनच गेला. माहेरी राहिलेल्या पहिल्या पत्नीने कोणतेही पुस्तक लिहिले नाही. तिच्याविषयी जे थोडे आपण जाणतो, तेही बहुतांशी शिवरानीदेवींच्या प्रामाणिकपणामुळे.

आपल्या ज्ञातीच्या घराघरांत आज वृद्ध आजी, आत्या, मावश्या आहेत. कोणी लहानपणी विधवा झालेल्या आत्याबाईंना जवळून पाहिले आहे, कोणी नोकरी सोडून चळवळीत गेलेल्या नवऱ्यामागे संसार ओढणाऱ्या सासूबाईंना पाहिले आहे. वंशवृक्षात पुरुषांची नावे ठळक अक्षरांत लिहिलेली असतात. या स्त्रियांपैकी कित्येकींची तेथे नावेही नाहीत. आमची सभासद-कुटुंबांस एवढीच विनंती आहे की, दिवाळीच्या सुटीत नातवंडांनी एक वही घेऊन आजीजवळ बसावे आणि ती जे सांगेल ते लिहून घ्यावे. त्यात घराण्यास न शोभणारे काही आले तरी ते गाळू नये. शिवरानीदेवींनी गाळले नाही, आणि म्हणूनच त्यांचे पुस्तक टिकले.